माझ्या नावाचा विडा

महाड
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. दीपक यास आशीर्वाद. अपेक्षाला आणि दोन्ही मुलांनाही.

इकडची खुशाली आधी कळवावी असा रिवाज आहे, म्हणून कळवते. मी वेळेवर कामाला जाते आणि वेळेवर परत येते. आईचा हात मुरगळला होता, तो आता बरा आहे. सकाळी सावित्री नदीच्या बाजूने येणारा वारा अजून गार असतो. एवढी खुशाली पुरे.

पत्र का, असा प्रश्न तुला पडेल. तुझ्या फोनवर पाठवलेली गोष्ट वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर पोहोचायला फार वेळ लागत नाही, याचा अनुभव मी घेतला आहे. शिवाय हे तू एकदा नव्हे, दोनदा वाचावेस अशी माझी इच्छा आहे. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता 'हां ताई, हां ताई' करतोस.

प्रथम घटना, त्या घडल्या त्याच क्रमाने. गावकीच्या बैठकीत हा क्रम उलटा सांगितला गेला असावा, कारण फिरून माझ्यापर्यंत आलेल्या कथेत मी आधी कंपनीला नोटीस दिली आणि मग रागावलेल्या कंपनीने माझी बढती रोखली.

गेल्या ऑगस्टअखेर आमच्या औषध कारखान्यातील गुणवत्ता विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. त्या जागेसाठी आतून दोनच अर्ज आले, माझा आणि विनीतचा. विनीत माझ्या हाताखाली शिकला. नमुना कसा घ्यावा, नोंद कशी करावी, परदेशी ग्राहकांचे तपासनीस आले की कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यावे आणि कोणत्या प्रश्नावर नुसता कागद पुढे करावा, हे त्याला मी दाखवले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तो सरासरी आहे, आणि सरासरी असणे हा गुन्हा नव्हे.

सप्टेंबरमध्ये मुलाखत झाली. खोलीत कारखान्याचे व्यवस्थापक होते, मुंबई कार्यालयातून आलेले एक संचालक होते आणि टिपणे घ्यायला कार्मिक अधिकारी अश्विन होता. तोच, आपल्या वाडीतला, वरच्या आळीतला अश्विन. कामाविषयीचे प्रश्न लवकर संपले. मला वाटले, उत्तरे बिनचूक असल्यामुळे. मग व्यवस्थापक खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मॅडम, एक अडचण आहे. दसऱ्याला मशिनरीची पूजा असते, सत्यनारायण असतो. विभागप्रमुख जोडीने बसतात. तुमचं कसं करायचं?"

मी विचारले, "पूजा हा नेमणुकीचा निकष आहे का?"

"निकष नाही हो. पण कामगारांच्या मनात येतं. आधीच आपला धंदा रसायनांचा, पेट घेणारा." आणि ते संचालकांकडे वळून हसले. "बायको नसली तर शेजारी सुपारी ठेवता येते. नवरा नसला तर काय ठेवायचं, ते भटजींनी अजून सांगितलेलं नाही."

संचालकही हसले. अश्विनने मान खाली घातली आणि ते वाक्य टिपून घेतले नाही. अक्षयला जाऊन तेव्हा चौथे वर्ष चालू होते. माझ्या नवऱ्याच्या मरणावर माझ्या तोंडावर झालेला तो पहिला विनोद.

महिनाअखेर विनीतच्या नेमणुकीचा आदेश निघाला. कारण लिहिले होते, नेतृत्वक्षमता. दसऱ्याला तो आणि त्याची पत्नी पूजेला बसले. मला प्रसादाच्या द्रोणांची व्यवस्था पाहायला सांगितले. मी पाहिली. एकही द्रोण कमी पडला नाही.

नोव्हेंबरमध्ये मी व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार केली की विधवा स्त्री म्हणून मला डावलले गेले. उत्तर आले नाही. डिसेंबरमध्ये अलिबागच्या वकिलांमार्फत नोटीस पाठवली. तिला उत्तर आले आणि फार नम्र आले: दावा दाखल होण्याआधी दोन्ही बाजूंनी मध्यस्थापुढे बसावे, खर्च कंपनी करील. मी होकार दिला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सोमजाईच्या देवळात गावकीची बैठक भरली आणि तिथे तू माझ्या नावाचा विडा उचललास. पुढच्या आठवड्यात मध्यस्थापुढे आमची पहिली बैठक झाली. दुसरी सोमवारी, १० मार्चला आहे. त्या दिवशी समझोत्यावर सही करायची किंवा नाही म्हणायचे.

या क्रमातून जानेवारी महिना मी वगळला आहे. ते मला दिसते आहे.

आता विड्याविषयी. त्या संध्याकाळचा तुझा फोन मला शब्दशः आठवतो.

"ताई, मिटवलं बघ मी."

"काय मिटवलंस?"

"तुझं कंपनीचं. अश्विनदादा बैठकीला आलेला. म्हणाला, ताईंनी तक्रार मागं घेतली नाय तर मॅनेजर कंत्राटदार बदलणार, आपली पोरं पहिली बाहेर. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मग उचलला विडा."

"कोणाच्या वतीने?"

"तुझ्याच ना. आता मी काय परका हाय? गावकीनं आपला मान ठेवला, ताई. नारळ फुटला, विषय बंद."

विषय बंद. देवीपुढे पान-सुपारी ठेवायची, ज्याने शब्द दिला त्याने ती उचलून कपाळाला लावायची, आणि मग त्या गोष्टीवर वाडीत कोणी तोंड उघडायचे नाही. बांधाच्या भांडणाला ही रीत ठीक असेल. तू मध्यस्थी हा शब्द ऐकलास आणि तुझ्या डोळ्यांपुढे सोमजाईचा सभामंडप उभा राहिला. मध्यस्थीत ज्याचे गाऱ्हाणे असते तो स्वतः बसतो, दीपक. त्याच्या धाकट्या भावाला बोलावून त्याच्या हाती पान देत नाहीत.

शिवाय लग्न झाले तेव्हाच मी तुमच्या गावकीतून वजा झाले होते. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या फलकावर तुझे नाव आहे, तुझ्या मुलाचे आहे, जो तेव्हा रांगत होता. माझे नाही, कारण लेकी सासरच्या. त्यावर मी कधी अवाक्षर काढले नाही. परंतु फलकावर जी बाई तुमची नव्हती, ती विड्याला तुमची कशी झाली, याचे उत्तर तुझ्या पंचांपैकी कोणी देऊ शकेल असे मला वाटत नाही. तुझ्याकडून तर मी ते मागतही नाही.

शिमग्याच्या पालखीचा पहिला खांदा आपल्या घराकडे राहावा आणि मंडळाचे चिटणीसपद तुझ्याकडे राहावे म्हणून तू हे केलेस, असे माझे मत आहे. मत कठोर आहे. तू ते खोटे ठरवलेस तर मला आनंद होईल.

मध्यस्थी कशी असते ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. खोली चवदार तळ्याच्या बाजूला, एका वकिलाच्या कचेरीवरच्या मजल्यावर आहे. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई माणगावहून येतात. मी त्यांच्यात दोष शोधत होते. चहा फार गोड मागवतात, याखेरीज सापडला नाही. त्यांनी आधी दोन्ही बाजूंना एकत्र ऐकले, मग मला एकटीला बसवले. खिडकीतून तळ्याचे पाणी दिसत होते. २० मार्चच्या, सत्याग्रहदिनाच्या गर्दीसाठी कठड्याची रंगरंगोटी चालली होती. शाळेत असल्यापासून मी त्या कठड्याजवळून जात आले आहे, आणि आपल्या घरात त्या दिवसाचा उल्लेख 'त्यांचा कार्यक्रम' असाच व्हायचा. माणसाला एखाद्या जागेपासून दूर ठेवणे म्हणजे काय, याचा विचार सुचायला माझ्यावर पाळी यावी लागली. ही गोष्ट मला आवडली नाही. असो.

कंपनीचा प्रस्ताव असा. मला सल्लागार हे पद, विभागप्रमुखाइतकाच पगार आणि वेगळी खोली. बदल्यात मी तक्रार मागे घ्यायची, भेदभाव झाला नाही असे मान्य करायचे आणि हा विषय यापुढे कोणाहीजवळ, लेखी वा तोंडी, काढायचा नाही. प्रस्ताव वाईट नाही. मसुदाही नेटका आहे. मी दोन ठिकाणी विरामचिन्हे तेवढी दुरुस्त केली.

बाईंनी विचारले, "तुम्हाला यात कमी काय वाटतं?"

"तो प्रश्न मला विचारला गेला होता, एवढं त्यांनी लिहून द्यावं."

"ते तुम्हाला कोर्टातही मिळेलच असं मी सांगू शकत नाही. खोलीत टिपणं घेणारा होता ना कोणी? तो बोलेल?"

त्याआधीच कँटीनमध्ये मी अश्विनला गाठले होते. तो म्हणाला, "ताई, तो विनोद होता. विनोद कोण लिहून घेतं?" मी विचारले, विनोद होता तर तू हसला का नाहीस. त्यावर त्याने ताट बाजूला सारले. "मी बोललो तर माझ्या जागी उद्या दुसरा येईल. तो आपल्या पोरांना नावानंसुद्धा ओळखणार नाही. मग तुम्ही त्यांना कामाला लावणार का?" हा प्रश्न अश्विनने मला विचारावा, याचा मला फार राग आला.

मग बाईंनी पेन खाली ठेवले. "मॅडम, मध्यस्थी राजीखुशीची असते. तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? घरचा, गावचा? असेल तर सांगा. मी इथेच थांबवते, आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटू देणार नाही."

मी म्हणाले, "नाही."

परीक्षेत, प्रयोगशाळेत किंवा चौकशीत मी आजवर खोटी नोंद केलेली नाही. ते एक 'नाही' मी एकेकाळी न्यायासनावर बसलेल्या बाईसमोर उच्चारले आणि माझा आवाजसुद्धा हलला नाही.

तेव्हापासून मला काही गोष्टी नीट जमेनाशा झाल्या आहेत. गेटवर आपली पोरे उभी असतात. पूर्वी "ताई, पिशवी द्या" म्हणून धावायची; आता माझी स्कूटर दिसली की सगळ्यांना एकदम फोन येतात. त्यांना मी दोष देत नाही. त्यांची भाकरी माझ्या सहीला बांधली आहे असे त्यांना सांगण्यात आले आहे, आणि ते खोटे आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. मंगळवारी मी एका नोंदीत बॅचचा क्रमांक चुकीचा लिहिला. तो मीच पकडला, कोणी पाहिले नाही. परंतु अशी चूक माझ्या हातून पूर्वी झाली नव्हती, आणि दुसरी व्हावी याची वाट पाहणारी माणसे आता त्या इमारतीत आहेत. प्रत्येक नोंद मी आता तीनदा वाचते. तिसऱ्या वेळी माझे स्वतःचे अक्षर मला ओळखू येईनासे होते.

येथे थांबते. अपेक्षाचा फोन येतो आहे.

त्याच दिवशी, दुपारी

वरचे सगळे मी पुन्हा वाचले. फाडत नाही. मात्र सुरुवातीचे 'आईचा हात मुरगळला होता, तो आता बरा आहे' हे वाक्य मी एका आडव्या रेघेने कापले आहे आणि शेजारी सही व तारीख घातली आहे. आमच्या कामात चुकीची नोंद गिरवून काळी करता येत नाही. खालचे वाचता आले पाहिजे, आणि चूक कोणाची तेही दिसले पाहिजे. तेव्हा ते वाक्य वाच, आणि ते खोटे आहे असे समज.

अपेक्षाने आधी मुलांच्या परीक्षांचे सांगितले, मग तुमच्या चाळीतल्या पाण्याचे. मग म्हणाली, "ताई, सासूबाईंचं प्लास्टर कधी काढायचं म्हणाले डॉक्टर?"

मी विचारले, "कसलं प्लास्टर?"

मागून तुझा आवाज आला, "ठेव गो, ठेव फोन." तो मी ऐकला.

हात मुरगळला असे तुला मी सांगितले होते. आईनेही तेच सांगितले होते. प्लास्टरची गोष्ट महाडात मला आणि डॉक्टरांना ठाऊक, आणि तिकडे सगळ्या वाडीला. बैठकीच्या दिवशी आई तपासणीसाठी माझ्याकडे होती, तू तिला पाहिलेलेही नाहीस; म्हणजे तुला ती वाडीतून कळली. बैठकीआधी कळली की नंतर, याचा विचार मी पानावर बसून करत होते. जेवण तसेच राहिले.

तुला अर्धे ठाऊक असेल, म्हणून पुरे सांगते. संक्रांत होऊन गेल्यावर आई शेतात राब भाजण्यासाठी पातेरा, वाळका पाला, गोळा करायला मळ्याच्या वरच्या अंगाला गेली होती. उतारावर पाय सरकला, डोक्यावरची पाटी उडाली आणि ती उजव्या हातावर पडली. वाट रोजची, वेळ सकाळची. पाठोपाठ आपल्याच आळीतल्या बाया भारे घेऊन उतरत होत्या. आईने हाक मारली. त्या एकामागून एक तिला वळसा घालून गेल्या, इतक्या जवळून की एकीचा पदर तिच्या तोंडावरून गेला. कोणी शिवी दिली नाही, टोमणा मारला नाही. अश्विन तेव्हा नुकताच वाडीत येऊन पोरांच्या नोकऱ्यांचे सांगून गेला होता. वाळीत टाकणे आता कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तो शब्द कोणी उच्चारत नाही. नुसती पाहण्याची दिशा बदलतात.

ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथेच होती. मग त्या बायांमधली गोदूबाई एकटी मागे फिरली. आई आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या, हे तू ऐकले असशील. इकडे तिकडे बघत, मोठ्याने म्हणत आली, "माझी कोयती राह्यली गो हितं कुठंतरी." आणि कोयती शोधता शोधता आईच्या काखेत हात घालून तिला उभी केली, आपल्या पडवीपर्यंत आणली. जाताना म्हणाली, "बये, मी तुला उचलली नाय हां. मी कोयती शोधाय आल्ये व्हते."

आई हे मला सांगताना हसत होती. "कोयती तिच्या कमरेलाच व्हती गो. मी बघितली ना."

तेव्हा ती माझ्या घरी होती, हातावरचे प्लास्टर अजून ओले होते. मला हसू आले नाही. मी न्हाणीत गेले, नळ सोडला आणि तिचे मातीने भरलेले लुगडे धुवायला घेतले.

मी तिला महाडला राहा म्हणून विनवले. मी कोणाला विनवत नाही, हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "तुझ्या ह्या पिंजऱ्यात मी मरायची नाय. तिकडं कोंबड्या कोण बघील? नि हाताचं दीपकला सांगू नको. तो मऊ हाय. लगेच कुणाच्या तरी पाया पडंल." आणि पोलादपूरची एसटी धरून, गळ्यात हात अडकवून ती परत गेली.

जानेवारी मी वगळला तो यासाठी. आईला शब्द दिला होता म्हणून, असे मी स्वतःला सांगत होते. खरे असे की तो लिहिला असता तर सकाळचे पुढचे एकही पान मला लिहिता आले नसते. तुझ्यावर पालखीच्या मानाचा आरोप ठेवणे सोपे होते. आता तो ठेवता येत नाही, आणि पुरता मागेही घेता येत नाही, कारण खात्रीचे मला अजून काही ठाऊक नाही. माझा अंदाज असा आहे. आईचा हात मोडल्याचे तुला बैठकीआधी कळले. तू घाबरलास आणि विडा उचललास. मी घाबरू नये म्हणून मला ते न सांगता मानाची आणि नारळाची गोष्ट सांगितलीस. मीही घाबरून न्यायाधीश बाईंना 'नाही' म्हणाले, आणि तू घाबरू नयेस म्हणून हात मुरगळला असे कळवले. एकच गोष्ट आपण दोघे एकमेकांपासून लपवत बसलो आणि वाडी ती पाहत बसली.

मला कशाची भीती वाटते ते आता सरळ लिहिते. पुढच्या वेळी गोदूबाईला कोयती विसरण्याचे धैर्य झाले नाही तर काय? आणि आई एक दिवस जाणारच आहे. त्या दिवशी तिरडी बांधायला कोण येईल? खांद्याला तू एक, तुझा मुलगा अजून लहान. मी पुढे झाले तर बायकांनी खांदा द्यायचा नसतो हे सांगायला मात्र सगळे येतील. डोळे मिटले की ते सारवलेले, रिकामे अंगण दिसते. ही केवळ कल्पना आहे, असे म्हणून मी ती दूर सारते. प्रयोगशाळेत, रस्त्यावर, भाजी निवडताना ती परत येते.

सही केली तर अंगण भरलेले राहील, असे तू म्हणशील. राहीलही. परंतु मग वाडीला कळेल की हे लागू पडते. एकदा औषध लागू पडले की त्याची मात्रा ठरते, दीपक. पुढे कोणाच्याही घरची मुलगी कुठे काही मागू लागली की अश्विन किंवा अश्विनसारखा कोणी वाडीत येईल, आणि तिच्या आईला वळसा घालून बाया उतरतील. माझी सही त्या वाटेवर असेल. गप्प राहण्याचे कलम असल्यामुळे मला त्यावर काही बोलताही येणार नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी आईला सगळे विचारले. वाडीत जाऊन, समोर बसून. शिमग्याला पालखी आपले दार सोडून पुढे जाईल, असे तिला नळावर कोणीतरी ऐकवले होते. ती एका हाताने वालाच्या शेंगा मोडत होती आणि मी मदत केलेली तिला चालत नव्हती.

"तुझी खुर्ची तू बघ," म्हणाली. "सही कर, नायतर नको करू. पण आईसाठी केली असं म्हणायचं नाय. मी कुणाचं कारण व्हणार नाय. तुझा बाप व्हता तवा घरात जे वाकडं झालं त्याचं कारण मीच व्हते. आता पुरे झालं."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. मी काय दगड हाय?" शेंगेतली अळी काढून तिने कोंबडीपुढे टाकली. "पालखी नाय आली तर देवीला हितनंच हात जोडीन. एका हातानं जोडीन. ती काय मोजाय येते?"

येताना तिने मला शेंगा बांधून दिल्या. फाटकापाशी म्हणाली, "दीपक येईल ना गो शिमग्याला?" आणि उत्तर ऐकायला न थांबता आत गेली. भीती वाटते ती तिला कशाची, ते तेव्हा मला कळले.

आता या पत्राचे प्रयोजन. माझी जागा माझी आहे. ती घ्यायची की सोडायची हे मी ठरवीन, त्यासाठी मला तुझी वा पंचांची गरज नाही. आई मात्र आपल्या दोघांची आहे. तिच्यावर येणारे संकट मी एकटीने पत्करणे म्हणजे तुझ्या नावाचा विडा मी उचलण्यासारखेच होईल. तसे मी करणार नाही. म्हणून विचारते आहे, आणि प्रश्न एकच आहे.

१० मार्चला मी सही नाकारली, आणि त्याच आठवड्यात शिमग्याची पालखी आपले दार टाळून पुढे गेली, तर त्या वेळी तू, अपेक्षा आणि मुले घरी असाल का? मागच्या खोलीत नव्हे. पडवीत, दार उघडे ठेवून, आईच्या शेजारी, पालखी नेणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे. मी असेनच.

तू असणार असशील, तर त्या सोमवारी मी बाईंना सांगेन की मागच्या खेपेस मी खोटे बोलले, दबाव आहे, आणि तो कोणाचा आहे. पुढे जे व्हायचे ते होवो. पोरांच्या नोकऱ्यांचेही त्याच टेबलावर बोलेन, जमेल तेवढे. तू नसणार असशील, तर मी सही करीन आणि सल्लागार होईन. त्यासाठी तुला नावे ठेवणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

हे मला लेखी हवे आहे. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने, तारीख घालून, होय किंवा नाही. कारणे लिहू नकोस. ती आता मला ठाऊक आहेत. शुक्रवारी, ७ मार्चला माझ्या हाती पडेल अशा बेताने स्पीड पोस्टाने टाक. फोन करू नकोस. तू फोन केलास की पहिल्या 'ताई'लाच मला कळेल की तू घाबरला आहेस, मग मी तुझ्यासाठी सही करून मोकळी होईन, आणि तू काय उत्तर देणार होतास हे आपल्या दोघांनाही कधी कळणार नाही.

तुझ्या लेखी उत्तराची वाट पाहते.

तुझ्याइतकीच घाबरलेली,
अनुपमाताई